पंधरा ग्रॅमचा धोंडा

टेबलावर धावणाऱ्या बहुतेक भारतीय मॉडेल रेल्वेगाड्यांच्या खाली एक खोटं असतं, आणि ते पट्टीने मोजता येतं. छंद म्हणून छोटी रेल्वे बनवणाऱ्यांमध्ये जगभर सर्वांत जास्त चालणारं प्रमाण म्हणजे एचओ, म्हणजे १:८७. या प्रमाणाचे तयार रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे मिळतात, कारण युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक रेल्वेच्या रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याला ८७ ने भागलं की १९.३ येतात. म्हणजे आपलं इंजिन हुबेहूब असलं, डब्यावरची अक्षरंही बरोबर असली, तरी गाडी जवळपास तीन मिलिमीटर अरुंद रुळांवर धावत असते.

याला कुणी फसवणूक म्हणत नाही. मग प्रतिकृतीत फसवणूक म्हणायचं कशाला?

हा प्रश्न मला पडतो, कारण मी स्वतः असा एक तुकडा बनवतोय. मी मालवणचा. आमच्याकडे रेल्वे येत नाही. कुडाळला किंवा कणकवलीला उतरून एसटी धरायची. बनवतोय ते कोकण रेल्वेचं एक कटिंग: डोंगर कापून काढलेल्या वाटेतून जाणारा सव्वा मीटर रूळ आणि त्यावर मालगाडीच्या सहा वाघिणी. (मालडब्याला मराठीत वाघीण म्हणतात, हे माझ्या वयाच्या मुलांना सांगितलं की ती हसतात.)

वाघीण बनवणं सोपं, रंगवणं अवघड. प्लॅस्टिकच्या पत्र्याचे तुकडे कापून चिकटवले, प्रायमर मारला, वर तांबूस तपकिरी रंग दिला, की संध्याकाळपर्यंत एक उभी राहते. पण ती खोटी दिसते, कारण ती कुठेच गेलेली नसते. खरी वाघीण उन्हात विटते, दाराच्या खालच्या कडेला गंजते, कोपऱ्यावर खरवडते. म्हणून जवळजवळ कोरड्या ब्रशने फिका रंग घासायचा, कडांवर गंजाचे ठिपके द्यायचे आणि शेवटी जांभ्या दगडाची वस्त्रगाळ पूड बोटाने चोळायची. रंग द्यायला एक दिवस लागतो, तो जुना करायला चार. डोंगर थर्मोकोल आणि प्लॅस्टरचा, गवत काथ्याचं, झाडोरा रंगवलेल्या भुशाचा. सगळं नकली आहे आणि ते लपवलेलंही नाही. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडाची फळं मिळतात. आकार खरा, माल खोटा. हातात घेतलं की कळतं, आणि कळण्यातच मजा असते.

शिवाय प्रतिकृतीत गाळावं तर लागतंच. कोकण रेल्वे ७४१ किलोमीटरची. ती सगळी ८७ पट लहान केली तरी साडेआठ किलोमीटर होईल. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. लहान करूनही तो ७५ मीटर भरेल. तेवढी खोली कुणाच्या घरात आहे? पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलंत तर दिसेल, की एका दालनात अख्खं गाव, रस्ते, सिग्नल आणि कितीतरी गाड्या मावतात, कारण मधलं बरंच काही सोडून दिलेलं असतं. बघणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. हातभर बोगदा पाहून कुणी समजत नाही की खरा बोगदा एवढाच असेल.

इथवर सगळं ठीक आहे. अडचण सुरू होते वजनापाशी.

लांबी ८७ पट कमी होते तेव्हा रुंदी आणि उंचीही तेवढीच कमी होते. म्हणून वजन ८७ गुणिले ८७ गुणिले ८७, म्हणजे सुमारे साडेसहा लाख पट कमी होतं. डोंगरावरून सुटलेला दहा टनांचा धोंडा माझ्या टेबलावर फक्त पंधरा ग्रॅमचा होतो. सुपारीएवढा. टिचकी मारली की उडेल. छोटं करताना आकारापेक्षा कितीतरी वेगाने धोका नाहीसा होतो, आणि मला वाटतं, या छंदातल्या सुखाचं मूळ इथेच आहे. इथे दरड कोसळली तर चिमट्याने उचलून ठेवता येते. जग तेच, पण त्याचा मार निघून गेलेला.

आणि माझं कटिंग सिंधुदुर्गातलं आहे. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईकडे जाणारी सुट्टीतली विशेष गाडी कटिंगमधून रुळांवर आलेल्या दरडीमुळे घसरली. पन्नासहून अधिक माणसं गेली. ज्या धोंड्यांनी हे केलं, तसेच धोंडे मी प्लॅस्टरमध्ये ओतून राखाडी रंगाने रंगवतो, आणि रंग छान बसला की खूश होतो. हे बरोबर आहे का?

एका मित्राने सुचवलं, मग तो अपघातच कर, लोकांच्या लक्षात राहील. मला ते पटत नाही. पंधरा ग्रॅमच्या धोंड्याने आडवा केलेला प्लॅस्टिकचा डबा पाहून लोक वाकून म्हणतील, ‘काय बारीक काम केलंय!’ कौतुक माझ्या हाताचं होईल आणि मरण त्या कौतुकाचं सामान बनेल. त्या गाडीतल्यांचे नातेवाईक अजून याच किनारपट्टीवर राहत असतील. जे वजन माझ्या टेबलाला पेलत नाही, ते पेलल्याचा आव मी का आणावा?

पण दुसरं टोकही तितकंच सोयीचं आहे: हिरवागार डोंगर, धबधबा आणि वळण घेत जाणारी गाडी. म्हणजे कॅलेंडरातलं कोकण. ते बनवायला कुणाची हरकत नसते, आणि म्हणूनच ते मला जास्त धोक्याचं वाटतं. २००३ नंतर या मार्गावरच्या अनेक कटिंगचे उतार कमी केले गेले, दरडींवर तारेच्या जाळ्या बसल्या. आजही पावसाळ्यात गाड्यांचं वेळापत्रक वेगळं असतं, वेग कमी असतो आणि माणसं रात्री रुळांवरून गस्त घालतात. आजच्या कटिंगची प्रतिकृती करताना जाळी काढून टाकली, तर बघणाऱ्याला वाटेल की हा डोंगर असाच होता, कायम शांत. बोगदा आखूड केला तर ते दिसतं. जाळी काढली तर काही काढलंय हेच दिसत नाही. मला वाटतं, गाळणं आणि पुसणं यांतला फरक हाच. गाळलेल्याबद्दल विचारता येतं. पुसल्यावर विचारायला जागाच उरत नाही.

म्हणून माझ्या डोंगरावर जाळी आहे. मलमपट्टीचं गॉज राखाडी रंगात बुडवून, ताणून बसवलेलं. बघणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना ती कळणार नाही. पण दहावा विचारेल, ‘हे काय?’ तेव्हा सांगता येईल.

कुडाळचे माझे एक काका ट्रॅकमन आहेत. रूळ टाकून झाले होते, डोंगर अजून पांढराच होता, तेव्हा ते बघायला आले. बराच वेळ पाहून म्हणाले, “माका खंय उभो करतलस?” मी जागा दाखवली: जाळीखाली, रुळाच्या कडेला. साडेपाच फुटांचा माणूस या प्रमाणात १९ मिलिमीटरचा होतो. त्याच्या हातातला दिवा म्हणजे सुईच्या टोकाने दिलेला पिवळा ठिपका. एवढ्या छोट्या माणसाला चेहरा देता येत नाही. पण उभं करता येतं.

हे फक्त छंदवाल्यांपुरतं आहे असं समजू नका. तुमच्या हातातला फोनही प्रतिकृतीच करतो. पावसाळ्यात ड्रोनने टिपलेली कोकण रेल्वेची रील तुम्हीही पाहिली असेल, पुढे पाठवली असेल. सहा इंचांच्या पडद्यावर डोंगर, पाऊस, दरड, सगळ्याचं वजन गेलेलं असतं; उरतं ते सौंदर्य. ते बघू नये असं मी म्हणणार नाही. मीही बघतो, आणि तसंच सुख घ्यायला रोज रात्री टेबलाशी बसतो. जग लहान करून हातात धरावंसं वाटणं ही माणसाची जुनी हौस आहे, त्यात पाप नाही. पण लहान करताना सगळ्यांत आधी काय दिसेनासं होतं, यावर लक्ष ठेवायला हवं. बहुतेक वेळा ते कुणाचं तरी काम असतं, नाहीतर कुणाचं तरी मरण. रत्नागिरी स्थानकावर कोकण रेल्वे बांधताना जीव गेलेल्या कामगारांचं स्मारक आहे. गाडी तिथे थांबते तेव्हा आपण बहुतेक जण वडापाव शोधत असतो.

तीन मिलिमीटर अरुंद रुळांची मला लाज वाटत नाही. कुणीही पट्टी लावून ते खोटं पकडू शकतं. जे पकडायला पट्टी नाही, तिथे माझ्या शब्दावरच भागतं, आणि म्हणून तिथे जास्त जपून काम करावं लागतं.