पोर्शन झालाय

कॉलेजात डेटाबेस शिकवणाऱ्या एका सरांचा खुलासा वाचला. मला त्यातलं एकच वाक्य पुरलं: 'पोर्शन वेळेत पूर्ण केला होता.' मुलांना प्रॅक्टिकलला साधी क्वेरी लिहिता आली नाही, हा जणू दुसऱ्याच खात्याचा विषय.

पूर्ण केला म्हणजे काय केलं? स्लाइड वाचली, मग पुढची वाचली. सोमवारी पहिला नॉर्मल फॉर्म, मंगळवारी दुसरा, बुधवारी तिसरा, गुरुवारी 'समजलं ना?' आणि शुक्रवारी जर्नलला खाकी कव्हर आहे का याची तपासणी. खाकीच हवं, बरं का! आतल्या क्वेऱ्या मागच्या बॅचच्या, त्यांनी त्यांच्या मागच्यांकडून उतरवलेल्या. चुकासुद्धा वारसाहक्काने आलेल्या. पानोपानी सही. प्रवासी स्टँडवरच राहिले तरी एसटी डेपोत वेळेवर लागली, की कंडक्टर फेरी पूर्ण झाली म्हणणार, तसलं हे. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएममध्ये असताना रिलेशनल मॉडेल मांडलं, ते माहिती यंत्रात आत कशी रचली आहे हे वापरणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज उरू नये म्हणून. आपल्या सरांनी तर कशाचीच गरज उरू दिली नाही.

बाकीच्या सबबी, म्हणजे लॅबमधली जुनी यंत्रं, वर्गातली गर्दी, तासिका तत्त्वावरचं तुटपुंजं मानधन, या खुलाशाच्या तळाशी होत्या. खऱ्या त्याच असाव्यात.

माझ्या भाचीला एक बाई लाभल्या. ओरॅकलचं सरावाचं जुनं 'एम्प' टेबल, त्यात चौदा माणसं. टर्नर नावाच्या सेल्समनचं कमिशन शून्य. कारकून स्मिथच्या रकान्यात काहीच नाही, नल. बाईंनी विचारलं, दोघांच्याही हातात काही पडत नाही, मग फरक काय? वर्ग गप्प. बाईही गप्प बसल्या, आणि शिकवण्यातलं हेच सगळ्यात अवघड. मग 'कमिशन बरोबर नल' असं विचारायला लावलं: एकही ओळ आली नाही. 'इज नल' म्हटल्यावर दहा आल्या. सरासरी काढली तर ५५०. नलला शून्य धरून काढली तर जेमतेम १५७. टर्नरला मिळू शकलं असतं पण मिळालं नाही. स्मिथच्या बाबतीत तो प्रश्नच नाही. एवढ्यात तास संपला.

शेजारच्या तुकडीत 'नल म्हणजे झीरोच, परीक्षेला येत नाही' एवढ्यावर भागलं होतं. तासावर पैसे मिळणाऱ्याकडून किती मागायचं, असं मलाही वाटतं. फार मागू नये. 'उद्या बघून सांगतो' म्हणायला मात्र वेगळं मानधन लागत नाही.

बाईंचा पोर्शन अर्थातच एक युनिट मागे पडला. त्यांना मेमो मिळाला म्हणे. मिळणारच, मेमो काढणारेही कव्हरच बघतात.