फायदा कुणाचा?

आमच्या भोईवाड्यात कुठलीही भानगड कानावर आली, की पहिला प्रश्न ठरलेला: "यात फायदा कुणाचा?" नळाला पाणी नाही, फायदा टँकरवाल्याचा. कुठे लढाई जुंपली, फायदा बंदूकवाल्याचा. प्रश्न तसा खानदानी आहे. रोममध्ये सिसेरोने दोन हजार वर्षांपूर्वी तो कोर्टात विचारला होता.

प्रश्नाबद्दल तक्रार नाही. उत्तर मिळालं की चौकशी संपली असं आपण समजतो, तिथं गाडी घसरते. पावसात छत्रीवाल्याचा फायदा होतो, म्हणून काही पाऊस तो पाडत नाही. आम्ही बँकवाले पैसे कुणाच्या खात्यात जमा झाले ते आधी बघतो. पण चेकवरची खोटी सही त्यानंच केली, असं लगेच धरून चालत नाही.

जॉर्ज फर्नांडिसांचं घ्या. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचा हा पुढारी. १९६७ साली त्यानं स. का. पाटलांना पाडलं. १९९९ च्या कारगिल युद्धात तेच संरक्षणमंत्री. शहीद जवानांसाठी अमेरिकेतून ५०० शवपेट्या मागवल्या, नगाला २,५०० डॉलर. आलेल्या १५० गोदामात पडून राहिल्या. डिसेंबर २००१ मध्ये 'कॅग'च्या अहवालानं या खरेदीवर बोट ठेवलं आणि संसदेत "कफनचोर"च्या आरोळ्या सुरू झाल्या. पुढे २००६ साली सीबीआयनं गुन्हा नोंदवला, २००९ साली आरोपपत्र आलं. त्यात फर्नांडिस नव्हतेच. २०१३ साली आरोपी असलेले लष्करी अधिकारीही पुराव्याअभावी सुटले. पण तोवर फर्नांडिसांना अल्झायमरनं गाठलं होतं. सुटल्याची बातमी त्यांना सांगून तरी काय उपयोग?

आता तुम्ही म्हणाल, "मग आरोळ्यांचा फायदा कुणाला झाला ते बघा, म्हणजे कुभांड कुणी रचलं ते कळेल!" छे, हाही छत्रीवाल्याचाच न्याय झाला. विरोधकांचं फावलं म्हणून 'कॅग'चे आक्षेप खोटे ठरत नाहीत. त्या भावानं पेट्या का घेतल्या, हे विचारायलाच हवं होतं. आणि पुरावा हाती येईपर्यंत कुणाला चोर म्हणायला नको होतं. या दोन गोष्टी एकाच तोंडाला जमायला हव्यात. आपल्याला त्यातली एकच जमते.

एवढ्या खतावणीत एक खातं मात्र कोरंच राहिलं, पेटीतून घरी यायचं त्याचं. त्याच्या खात्यात ना काही जमा, ना नावे.