एकट्या रुग्णाची जबाबदारी कोणावर?



जनाजाच्या नमाजीसाठी सफा लागतात, तेव्हा एक प्रश्न माझ्या मनात वारंवार येतो. मय्यतीला खांदा देण्यासाठी आज इतके लोक जमले आहेत. हाच माणूस दवाखान्याच्या बाकावर बसून आपल्या नावाचा पुकारा होण्याची वाट पाहत होता, तेव्हा यांपैकी किती जण त्याच्या शेजारी होते? एका वैद्यकीय अभ्यासामुळे हा प्रश्न मला अधिकच टोचू लागला आहे.

अमेरिकेतील संशोधकांनी तेथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या नोंदींवर आधारलेला हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. २००४ ते २००८ या काळात निदान झालेल्या ७ लाख ३४ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती त्यात तपासली गेली. सर्वाधिक बळी घेणारे दहा कर्करोग निवडले होते. यकृताचा कर्करोग त्यांपैकी एक. वय, आजाराचा टप्पा आणि मिळालेले उपचार यांतील फरक हिशेबात घेतल्यानंतरही विवाहित रुग्णांचा कर्करोगाने मृत्यू होण्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. आजार शरीरभर पसरण्याआधी सापडणे आणि योग्य उपचार मिळणे, या दोन्ही बाबतींत विवाहित पुढे होते. याच नोंदींवरून केवळ यकृताच्या कर्करोगाचा अभ्यास झाला, तेव्हा विधवा व विधुर रुग्णांची स्थिती सर्वांत बिकट दिसली.

यावरून 'निकाह हेच औषध' असा निष्कर्ष कोणी काढू नये. नोंदवहीत 'विवाहित' एवढाच शब्द असतो. त्या घरात माया होती की अबोला, हे तीत लिहिलेले नसते. शिवाय निरोगी आणि सुस्थितीतील माणसाचा विवाह जुळण्याची व टिकण्याची शक्यताही अधिक असते. तरीही या आकड्यांमागे काय घडत असावे, हे यकृताच्या आजाराकडे पाहिले की पुष्कळसे उलगडते.

यकृत फार काळ तक्रार करीत नाही. हिपॅटायटिस बी किंवा सी, मद्यपान, यकृतात साठलेली चरबी यांमुळे ते वर्षानुवर्षे झिजत राहते आणि माणूस आपल्या कामात असतो. सिऱ्होसिस झालेल्या रुग्णाने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी, असे डॉक्टर सांगतात, म्हणजे गाठ लहान असतानाच सापडते. परंतु काही दुखत नसताना सहा महिन्यांनी आठवण कोण करून देणार? पुढे आजार बळावला की रक्तातील विषद्रव्यांचा मेंदूवर परिणाम होतो. रुग्ण दिवसा झोपतो, रात्री जागतो, बोलता बोलता गोंधळतो. आणि आपण गोंधळलो आहोत हे त्याचे त्याला कळत नाही. ते दुसऱ्यानेच ओळखावे लागते. गाठ लहान असेल तर यकृताच्या प्रत्यारोपणाचा मार्ग असतो. आपल्या देशात बहुतेक वेळा जिवंत दाताच आपल्या यकृताचा भाग देतो. १९९४ च्या कायद्याने पती-पत्नी, मुले, आईवडील व भावंडे यांना जवळचे नातेवाईक मानले. नंतर आजी-आजोबा व नातवंडे यांचीही भर पडली. इतरांना समितीची परवानगी घ्यावी लागते. ज्याला कोणीच नाही, त्याच्यासाठी हे दार आधीच अर्धे लोटलेले असते.

वाचकहो, आता माझी चूक सांगतो. आमच्या मोहल्ल्यात शिवणकाम करणारे एक चाचा होते. पत्नीचे निधन झालेले, मूलबाळ नाही. फजरला ते पहिल्या सफेत असत. सलाम फेरल्यानंतर मी जमाअतीकडे तोंड करून बसतो, म्हणून त्यांचा चेहरा रोज माझ्यासमोर असे. त्यांच्या डोळ्यांत उतरलेला पिवळेपणा मी पाहिला होता. "चाचा, तब्येत बरी आहे ना?" असे मी विचारले. "अल्हम्दुलिल्लाह, बरी आहे, मौलाना," असे ते म्हणाले, आणि मी तेवढ्यावर समाधान मानले. त्यांच्या घरी पत्नी असती तर तिने त्या उत्तरावर विश्वास ठेवला नसता. त्यांना दवाखान्यात नेले तोवर गाठ यकृताबाहेर पसरलेली होती. जनाजाला मस्जिदीचे अंगण भरले. नमाज मीच पढवली.

कोणी म्हणेल, मृत्यूची घटिका ठरलेली आहे. मग या टक्केवारीची चर्चा कशाला? मृत्यूची वेळ अल्लाहच्या हाती आहे, यावर आपला ईमान आहेच. परंतु शामकडे निघालेले हजरत उमर (रजि.) प्लेगची वार्ता कळताच वाटेतून परतले. अल्लाहच्या निर्णयापासून पळता काय, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, तेव्हा आपण त्याच्या एका निर्णयाकडून त्याच्याच दुसऱ्या निर्णयाकडे जात आहोत, असा खुलासा त्यांनी केला. तकदीर मृताच्या नातलगांचे सांत्वन करते; जिवंत रुग्णाकडे दुर्लक्ष करणाऱ्याला ती सबब म्हणून वापरता येत नाही. चाचांची वेळ ठरलेली होती. माझे कर्तव्यही ठरलेले होते, आणि माझी विचारणा त्या कर्तव्याचीच होणार आहे.

जनाजाची नमाज फर्ज-ए-किफाया आहे, हे लहान मुलालाही ठाऊक असते. काहींनी पढली तर सर्वांची जबाबदारी उतरते. कोणीच पढली नाही तर सारी वस्ती गुन्हेगार ठरते. ज्याची शुश्रूषा करणारे कोणी नाही, त्याची शुश्रूषाही अनेक फुकहांनी याच वर्गात ठेवली आहे. एका मुस्लिमाचे दुसऱ्यावरील हक्क प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मोजून सांगितले. सहीह बुखारीतील त्या हदीसमध्ये रुग्णाच्या भेटीचा उल्लेख जनाजासोबत जाण्याच्या आधी येतो. आपण मात्र दुसरा हक्क चोख पाळतो आणि पहिला नातलगांवर सोपवतो.

मदीनेच्या मस्जिदीत झाडलोट करणारी एक व्यक्ती दिसेनाशी झाली, तेव्हा प्रेषितांनी (स.) तिच्याविषयी विचारले. ती मरण पावल्याचे कळल्यावर, मला का कळवले नाही, असे ते म्हणाले आणि कबरीवर जाऊन त्यांनी नमाज पढली. जिची अनुपस्थिती इतर कोणाला महत्त्वाची वाटली नव्हती, तिची त्यांनी नोंद घेतली.

विवाहितांनीही निश्चिंत राहू नये. पहिल्या अभ्यासात विवाहाचा लाभ पुरुषांना स्त्रियांपेक्षा अधिक झालेला दिसतो. २००९ साली अमेरिकेतच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात मेंदूतील गाठ, कर्करोग यांसारखे गंभीर आजार झालेले ५१५ रुग्ण होते. आजारी पुरुषांपैकी सुमारे ३ टक्क्यांचे विवाह मोडले. आजारी स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्क्यांचे. आकडे परदेशातील आहेत. पण पत्नी अंथरुणाला खिळताच तिला माहेरी पोहोचवणारी घरे आपल्याला अपरिचित आहेत काय? बद्रच्या वेळी हजरत रुकय्या (रजि.) आजारी होत्या. पती हजरत उस्मान (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) त्यांच्या सेवेसाठी मदीनेत थांबण्यास सांगितले आणि बद्रमध्ये लढलेल्यांइतकाच मोबदला व वाटा त्यांना दिला. आजारी पत्नीच्या उशाशी बसलेला पती रणांगणावरील सैनिकाच्या बरोबरीने मोजला गेला.

तेव्हा या जुम्म्याला एक काम करू या. आपल्या मस्जिदीच्या परिसरात एकटे राहणारे कोण आहेत, याची यादी करा. तीत विधवा असतील, विधुर असतील, अविवाहित असतील; ज्यांची मुले परदेशी आहेत असे वृद्धही असतील. प्रत्येकाला एक घर नेमून द्या. हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी व उपचार राष्ट्रीय कार्यक्रमाखाली २०१८ पासून शासकीय रुग्णालयांत विनामूल्य मिळतात. तेथे त्यांना घेऊन जा, अहवाल हाती येईपर्यंत सोबत बसा. आणि "बरी आहे" हे उत्तर आले, तर क्षणभर थांबून त्यांच्या डोळ्यांकडे पाहा.

अल्लाह माझ्या चुकीला क्षमा करो, चाचांवर दया करो आणि आपणा सर्वांना जिवंत माणसाचा हक्क अदा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.