महापौरांचं मनोगत मी लिहिलं होतं

कुठल्या शहराच्या महापौरांचं, ते सांगणार नाही. सांगून उपयोगही नाही, कारण ते मनोगत थोडे शब्द बदलून महाराष्ट्रातल्या कुठल्याही महानगरपालिकेच्या पुस्तिकेत छापता आलं असतं. काम एका एजन्सीकडून आलं होतं. शब्दाला दीड रुपया. गुळगुळीत कागदावरची चाळीस पानांची पुस्तिका, वर्षभरातली कामं, आणि सुरुवातीला महापौरांचा हसरा फोटो आणि शेजारी त्यांचं मनोगत. मनोगत म्हणजे मनात असलेलं. त्यांच्या मनात काय होतं हे मला माहीत नव्हतं, आणि बहुधा त्यांनाही ते छापून आल्यावर माझ्याकडूनच कळणार होतं.

सुरुवात सोपी असते. 'प्रिय नागरिकहो.' मग रस्ते, एलईडी दिवे, नाल्यांची सफाई, पाण्याच्या टाक्या. एजन्सीनं मला ड्राइव्हवर दोन फोल्डर दिले होते. एकाचं नाव 'पूल', त्यात चाळीसेक फोटो. खांबांवर रंगवलेले मोर, वारली नाच, कुंड्या लटकवलेल्या हिरव्या भिंती, आणि चारी बाजूंनी लोखंडी जाळी. दुसऱ्याचं नाव 'बेघर', त्यात दोन फोटो. लोखंडी खाटा, घड्या घातलेल्या राखाडी चादरी, माणूस एकही नाही.

मी लिहिलं: 'उड्डाणपुलाखालील जागा अतिक्रमणमुक्त करून तिचे सुशोभीकरण करण्यात आले.' पुढच्या पानावर लिहिलं: 'बेघर नागरिकांसाठी सुसज्ज निवारा केंद्र सुरू करण्यात आले.' दोन्ही वाक्यं खरी होती. मी तपासून पाहिली होती.

तो पूल माझ्या रोजच्या रस्त्यावरचा. त्याच्याखाली एक मावशी राहायच्या. शनिवारी सिग्नलला लिंबू-मिरची विकायच्या, इतर दिवशी गजरे. जालन्याकडच्या. त्यांचे मालक गवंड्याच्या हाताखाली जायचे, मुलगा आठ-नऊ वर्षांचा. खांब नंबर ४१ त्यांचा. खांबाला नंबर असतो हे मला त्यांच्यामुळेच कळलं. "एकेचाळीसला या," त्या गजऱ्याच्या गिऱ्हाइकाला फोनवर सांगायच्या, जसं आपण फ्लॅट नंबर सांगतो. जाळी बसवायला माणसं आली त्या आठवड्यात मी घरी बसून त्याच जाळीवर पन्नास शब्द लिहीत होते. पंचाहत्तर रुपये झाले.

खरी वाक्यं शेजारी शेजारी ठेवून, किंवा मुद्दाम शेजारी न ठेवून, जे तयार होतं त्याला खोटं म्हणायचं का? तेव्हा मी स्वतःला सांगितलं की नाही. मी काही दडवलेलं नाही, जाळी आहे, निवारा आहे. पण पुलाखालून हटवलेली माणसं आणि निवाऱ्यातली रिकामी खाट यांच्यामधलं अंतर त्या पुस्तिकेत कुठेच नव्हतं, आणि ते नसावं म्हणूनच मला पैसे मिळत होते.

सरकारी मराठीत या कामासाठी तयार सोय आहे. 'करण्यात आले.' शाळेत कर्मणी प्रयोग शिकताना कुणी सांगितलं नव्हतं की याचा मुख्य उपयोग कर्त्याला घरी पाठवण्यासाठी होतो. जागा मोकळी करण्यात आली. कुणी केली? कुणाला उठवलं? किती वाजता? वाक्याला काही ठाऊक नाही. आणि 'अतिक्रमण' हा शब्द तर माणूस, चूल, गोधडी, शाळेचं दप्तर सगळं गिळून टाकतो. अतिक्रमणाला वय नसतं. ते रडत नाही.

या पुलाची गोष्ट मुंबईत फार आधी घडून गेलेली आहे. जुलै १९८१मध्ये मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांनी जाहीर केलं की फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून आपापल्या गावी पाठवलं जाईल. भर पावसाळ्यात झोपड्या पाडण्यात आल्या, माणसांना बसमध्ये बसवून शहराबाहेर नेण्यात आलं. (पाहा, सवय जात नाही. पालिकेनं पाडल्या, सरकारनं नेलं.) ओल्गा टेलिस या पत्रकार आणि फुटपाथवर राहणारी काही माणसं कोर्टात गेली. निकाल लागला १० जुलै १९८५ला, सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठापुढे. पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड.

कायदा शिकणाऱ्या कुठल्याही मुलाला विचारा, हा खटला पाठ असतो. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, असं कोर्टानं यात म्हटलं. माणूस फुटपाथवर राहतो कारण त्याचं काम तिथून जवळ असतं. त्याला तिथून उचललं की त्याची भाकरीच उचलली, हे कोर्टानं मान्य केलं. पण पुढचा भाग परीक्षेत फारसा येत नाही. फुटपाथ चालण्यासाठी आहेत, तिथे घर करण्याचा हक्क कुणालाही नाही, पालिका त्यांना हटवू शकते, असंही त्याच निकालात आहे. मात्र सहसा आधी नोटीस द्यावी, आणि पावसाळा होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, हटवू नये. ज्यांच्याकडे १९७६च्या गणनेची ओळखपत्रं होती त्यांना पर्यायी जागा द्यावी. बाकीच्यांसाठी पर्यायी जागा ही हटवण्याआधीची अट नव्हती. म्हणजे तत्त्व जिंकलं आणि माणसं बहुतेक हरली. ज्यांच्या नावावर आपण तो हक्क उच्चारतो, त्यांना त्यातून मिळाले साधारण साडेतीन महिने.

पण कोर्टाची अडचण मला खोटी वाटत नाही. मी बाई आहे. रात्री साडेदहाला बस चुकली की त्या पुलाखालून चालत जायला मला भीती वाटायची. मावशींची नव्हे, अंधाराची, आणि अंधारात पत्ते खेळत बसलेल्या माणसांची. जाळी बसली, दिवे लागले, तेव्हा पहिल्या दिवशी मला बरं वाटलं. हे मी लिहायलाच हवं, नाहीतर हा लेखही त्या पुस्तिकेसारखाच होईल. माझ्या आईचे गुडघे गेलेले आहेत. फुटपाथ अडला की तिला रस्त्यावर उतरावं लागतं, आणि मागून येणारा डंपर तिची वाट बघत नाही. 'सार्वजनिक जागा सगळ्यांची' या वाक्यात आईसुद्धा आहे.

जेरेमी वॉल्ड्रन नावाचा न्यूझीलंडचा एक तत्त्वज्ञ आहे. १९९१मध्ये त्यानं बेघरपणा आणि स्वातंत्र्य यांच्यावर एक निबंध लिहिला. त्याचा मुद्दा इतका साधा आहे की तो आपल्याला आधी का सुचला नाही असं वाटतं. माणूस जे काही करतो ते कुठेतरी करतो. झोपणं, आंघोळ, लघवी, स्वयंपाक, सगळ्याला जागा लागते. जागा दोनच प्रकारच्या. खासगी जागेत मालकाच्या परवानगीशिवाय जाता येत नाही. उरते सार्वजनिक जागा. तिथे झोपायला बंदी, धुवायला बंदी, असे नियम केले, तर ज्याची कुठलीच खासगी जागा नाही त्याला झोपण्याची मुभा पृथ्वीवर कुठेच उरत नाही. नियम सगळ्यांना सारखाच आहे, पण तुमच्या-माझ्यासाठी त्याचा अर्थ 'इथे झोपू नका, घरी जाऊन झोपा'. मावशींसाठी त्याचा अर्थ फक्त 'झोपू नका'.

२०२४च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे ओरेगन राज्यातल्या ग्रँट्स पास या छोट्या शहराचा हाच प्रश्न होता. सहा विरुद्ध तीन मतांनी कोर्टानं ठरवलं की उघड्यावर झोपणाऱ्यांना शहर दंड करू शकतं, मग निवाऱ्यात जागा असो वा नसो. आपल्याकडे असा दंड सहसा होत नाही. आपल्याकडे जाळी बसते. जाळी चलान फाडत नाही, कोर्टात उभी राहत नाही, तिच्यावर मोर रंगवता येतो.

तुम्ही म्हणाल, निवारा आहे ना? माझंही तेच वाक्य होतं. मी मावशींना विचारलंही होतं. त्या हसल्या. "तिथं बायका येगळ्या, बाप्ये येगळे. पोरगं कुनाकडं ठिवू? आन सकाळी भाईर काढत्यात. माझा फुलांचा बुट्टा कुठं ठिवू? आन तिथून सिग्नल किती लांब, ठावं हाय का ताई?" मला ठाऊक नव्हतं. नंतर मॅपवर पाहिलं. रिक्षानं गेलं तर दिवसाच्या गजऱ्यांचा नफा रिक्षावाल्याला.

निवाऱ्यांचा हिशेबही एकदा करून बघा. शहरी बेघरांसाठीच्या केंद्राच्या योजनेचा निकष असा होता की एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक निवारा. २०११च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. म्हणजे १२४ निवारे, १२,४०० माणसं. त्याच जनगणनेत मुंबईत मोजलेले बेघर ५७ हजारांच्या वर होते. निकष शंभर टक्के पाळला, एकही खाट कमी पडू दिली नाही, तरी दर पाच जणांतले जवळजवळ चार जण बाहेरच. आणि ही मोजणी कशी होते? गणना करणारे एका ठरलेल्या रात्री, त्या वर्षी २८ फेब्रुवारीच्या, रस्त्यावर फिरून जे दिसतील त्यांना मोजतात. त्या रात्री जो पहारेकऱ्याच्या खोलीत लपून झोपला, तो देशात नव्हताच. संपूर्ण देशात त्या रात्री १७ लाख ७० हजारांच्या वर माणसं सापडली.

या सगळ्यात महापौरांचा दोष किती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. आपल्याकडे महापौर हे बरंचसं मानाचं पद. अंमलबजावणीची सूत्रं आयुक्तांच्या हातात असतात, आणि आयुक्त राज्य सरकारचा माणूस. मुंबई-पुण्यात तर मार्च २०२२मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर कितीतरी काळ महापौरच नव्हते, प्रशासक होते, आणि रोजचा कारभार चालूच होता. म्हणजे ज्यांच्या नावानं मी 'आम्ही केले' असं लिहिलं, त्यांनी ते केलंच नसण्याची शक्यता भरपूर. तरीही त्यांना एक पदवी आहे, शहराचे प्रथम नागरिक. हा शब्द टाइप करताना मला पहिल्यांदा वाटलं की पहिला असेल तर शेवटचाही असणार. 'प्रिय नागरिकहो' हे पत्र त्याच्यापर्यंत कसं पोचवायचं? पुस्तिका घरोघर वाटणार होते.

दुसऱ्या ड्राफ्टमध्ये मी एक वाक्य वाढवलं. 'या पुलाखाली राहणारी कुटुंबे आता कोठे राहतात याची नोंद महापालिका ठेवील.' त्यात ना माफी होती, ना आश्वासन. मला अजूनही वाटतं की शहराला एखादी जागा मोकळी करायचा अधिकार असेल, तर 'मग कुठे?' या प्रश्नाचं उत्तर देण्याचं कर्तव्य त्या अधिकाराच्या आतच आहे. ते वेगळं दान नाही. आईला चालायला फुटपाथ मिळायलाच हवा, आणि तो मिळवण्याची किंमत मावशींनी एकटीनं भरायची नाही, एवढंच मी म्हणत होते. एजन्सीचा मेसेज आला: 'ही लाइन काढली आहे. टोन पॉझिटिव्ह ठेवूया.' खाली हात जोडलेला इमोजी. मी 'ओके' टाकलं. बिल पाठवलं. ते पास झालं.

मी भांडायला हवं होतं का? भांडले असते तर त्यांनी दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलं असतं, हे खरं आहे. पण हेच वाक्य जाळीचं वेल्डिंग करणारा म्हणू शकतो, ट्रकमध्ये गोधड्या टाकणारा म्हणू शकतो, आयुक्तही म्हणू शकतात. सगळ्यांनी म्हटलं की काम कुणीच न करता होऊन जातं. करण्यात येतं.

दोन महिन्यांनी मावशी मला दोन सिग्नल पलीकडे दिसल्या. मुलगा बरोबर नव्हता, गावी आजीकडे पाठवलाय म्हणाल्या. शाळा? "बगू." माझ्या बॅगेत त्या पुस्तिकेची एक प्रत होती. मी ती काढली नाही. त्यांनी विचारलं, "ताई, तुमी काय काम करता?" मी म्हटलं, लिहिण्याचं. "मंग माजा येक फारम लिवून द्या की."

मतदार यादीत नाव घालायचा फॉर्म नंबर सहा होता तो, कुणीतरी कार्यकर्ता देऊन गेलेला. बेघर माणसाला पत्त्याचा पुरावा लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. निवडणूक आयोगाचा नियम असा आहे की बीएलओनं सांगितलेल्या जागी रात्री जायचं आणि तो माणूस खरंच तिथे झोपतो का ते पाहायचं. म्हणजे एका खात्याचा माणूस रात्री येतो तो उठवायला, आणि दुसऱ्याचा येतो झोपलेलं बघायला. मी त्यांना हे समजावून सांगितलं. पत्त्याच्या रकान्यापाशी पेन थांबलं. "एकेचाळीस नंबर लिवू नगा," त्या म्हणाल्या, "आता तिथं जाळी हाय." मग समोरच्या मोबाइलच्या दुकानाकडे बोट केलं. मी दुकानाचं नाव लिहिलं, पुढे 'समोरील पायरी' लिहिलं.

"किती वाजता येत्याल ते सायब?" त्यांनी विचारलं. "लवकर आले तर मी दिसनार न्हाई. अकराला शटर पाडत्यात, तवर मला आडवं व्हता येत न्हाई."