पसंतीक्रम आणि सदसद्विवेक

दहावीचा निकाल लागला, की पुढचे काही आठवडे आपल्या घराघरांतून एकाच विषयाची चर्चा चालते : अकरावीच्या अर्जात कोणती महाविद्यालये लिहावयाची, आणि कोणत्या क्रमाने? मुंबई महानगर प्रदेशात २००९ सालापासून हे प्रवेश केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. २०२५ साली ही पद्धत सर्व महाराष्ट्राला लागू झाली. अर्जात कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा पसंती नोंदविता येतात. हे दहा रकाने भरणे म्हणजे वरवर पाहता निव्वळ व्यवहार. त्यासाठी नातलगांचा सल्ला घेतला जातो, मागील वर्षाचे कट-ऑफ चाळले जातात आणि शेजारच्या मुलाने काय भरले याची हळूच चौकशी होते. परंतु आमच्या मते या दहा रकान्यांत नीतीचा एक फार जुना प्रश्न दडलेला आहे. माणसाने स्वतःविषयी किती मोठी अपेक्षा बाळगावी, आणि ती बाळगताना स्वतःशी किती खरे राहावे, हा तो प्रश्न होय.

अमेरिकेत विद्यार्थी प्रत्येक महाविद्यालयाकडे स्वतंत्र अर्ज करतो. तेथील समुपदेशक त्याला आपल्या यादीचे तीन भाग करावयास सांगतात : काही महाविद्यालये आवाक्याच्या थोडी पलीकडची, काही आपल्या गुणांच्या जोगती आणि काही खात्रीची. आपली पद्धत निराळी असली, तरी हा विचार येथेही उपयोगी पडतो. समजा, एखाद्या मुलीला ५०० पैकी ४२० गुण मिळाले. गेल्या वर्षी ज्यांचा कट-ऑफ ४४०च्या आसपास होता अशी दोन-तीन महाविद्यालये तिने वर लिहावीत. ४१० ते ४२५च्या दरम्यानची चार-पाच मध्ये लिहावीत. आणि ३९०च्या खाली प्रवेश बंद झालेली दोन-तीन शेवटी. कट-ऑफ दरवर्षी थोडा हलतो, म्हणून वरचे दार ठोठवावे. तो वरही सरकू शकतो, म्हणून खालचे दार उघडे ठेवावे. समतोल यादी म्हणतात ती हीच. सांगावयास सोपी, परंतु प्रत्यक्षात ती फार थोड्या घरांत तयार होते. याचे कारण गणितात नाही, मनात आहे.

काही घरांत यादी अभिमानाने लिहिली जाते. दहा रकाने असताना तीनच भरले जातात, आणि तिन्ही नावे अशी, की उच्चारताच ऐकणाऱ्याच्या भुवया वर जाव्यात. काही घरांत यादी भीतीने लिहिली जाते. चांगले गुण मिळालेल्या मुलालाही ‘आपल्यासारख्यांना तेथे कोण घेणार?’ असे सांगून घराजवळची दोन नावे लिहून अर्ज बंद केला जातो. पहिल्या घराला आपण महत्त्वाकांक्षी म्हणतो आणि दुसऱ्याला नम्र. ही दोन्ही नावे चुकीची आहेत असे आम्हांला वाटते.

संत थॉमस अक्विनास यांनी अॅरिस्टॉटलचा विचार पुढे नेत ‘मनाची थोरवी’ हा एक सद्‌गुण मानला आहे. आपल्या शक्तीला साजेशा मोठ्या गोष्टींची आस धरणे म्हणजे ही थोरवी. तिच्या एका बाजूस शक्तीबाहेरचे ओढून घेण्याची उद्धट वृत्ती असते, आणि दुसऱ्या बाजूस आपल्या शक्तीला साजेल तेवढेही मागण्यास कचरणारे खुजे मन. हे दुसरे टोक आपल्याकडे सद्‌गुण म्हणून खपते. थॉमस मात्र त्याला स्पष्टपणे दोष म्हणतात आणि उदाहरण देतात ते धन्याचा पैसा भीतीने जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराचे. त्या चाकराने चोरी केली नव्हती, उधळपट्टीही केली नव्हती. त्याने फक्त सुरक्षित रकाना भरला होता. तेव्हा मुलीच्या अंगी असलेली बुद्धी आपल्या भीतीखाली पुरून ठेवण्याचा आईबापांना अधिकार नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. आणि मुलाच्या अंगी नसलेल्या गोष्टीचे ओझे त्याच्या खांद्यावर ठेवण्याचाही नाही.

येथे पद्धतीविषयी एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. अनेक पालकांना वाटते, की वरच्या क्रमांकावर अवघड नाव लिहिले आणि ते मिळाले नाही, तर खालचे हातचे नावही जाईल. ढोबळमानाने सांगावयाचे तर आपली निवड गुणवत्तेच्या क्रमाने होते : विद्यार्थ्याची पाळी आली, की त्याच्या यादीतील वरून पहिले असे महाविद्यालय पाहिले जाते जेथे त्याच्यासाठी जागा शिल्लक आहे. वरची दोन नावे हुकली म्हणून तिसऱ्या नावावरील त्याचा हक्क रेसभरही कमी होत नाही. म्हणून क्रम लावताना डावपेच करण्याचे कारणच उरत नाही; मनापासून जे जास्त हवे ते वर लिहावे.

सगळीकडे असे नव्हते. अमेरिकेतील बॉस्टन शहरात सरकारी शाळांचे प्रवेश पूर्वी अशा रीतीने होत, की पहिली पसंती हुकलेले मूल दुसऱ्या पसंतीच्या शाळेत पोहोचेपर्यंत ती शाळा पहिली पसंती देणाऱ्या मुलांनीच भरून जाई. त्यामुळे जाणते पालक खरी आवड लपवून हिशेबाने नावे लिहीत, आणि ज्यांनी भाबडेपणाने खरे लिहिले त्यांची मुले मागे पडत. ही पद्धत २००५ साली सोडून देण्यात आली. तिच्या जागी जी पद्धत आली तिचे मूळ डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांच्या १९६२ सालच्या एका निबंधात होते. पुढे २०१२ साली शॅप्ली आणि अल्विन रॉथ यांना या विषयातील कार्याबद्दल अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या साऱ्यातून आम्ही एवढाच बोध घेतो, की ज्या व्यवस्थेत खरे बोलणाऱ्याचे नुकसान होते ती व्यवस्था अन्यायाची. आणि जेथे खरे बोलणे सुरक्षित आहे, तेथेही आपण खोटे लिहिले, तर दोष व्यवस्थेचा नाही.

म्हणजे यादीला दोन अंगे आहेत. तिचा क्रम आवडीने ठरावा आणि तिचा विस्तार आत्मपरीक्षणाने. क्रमात सत्य हवे, विस्तारात शहाणपण. बहुतेक घोटाळे या दोहोंची अदलाबदल केल्याने होतात : क्रम भीतीने लावला जातो आणि विस्तार अभिमानाने आखडला जातो.

परंतु आवडीने क्रम लावावा, असे म्हटले की लगेच पुढचा प्रश्न येतो : आवड कोणाची? नियम असा आहे, की पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले, तर तेथे प्रवेश घेणे बंधनकारक असते. नाकारणारा विद्यार्थी पुढील नियमित फेऱ्यांना मुकतो. तेव्हा पहिला रकाना हा एक प्रकारचा शब्दच आहे. आणि शब्द मुलाचा असेल, तर तो त्याच्याच तोंडून निघाला पाहिजे. वसईहून चर्चगेट सुमारे पन्नास किलोमीटर. तेथील नामवंत महाविद्यालयात नाव लागले म्हणून घरात पेढे वाटले जातात. मात्र पहाटे उठून ती गर्दीची गाडी वर्षानुवर्षे पकडावयाची असते ती मुलाने. तो प्रवास करण्याइतकी ओढ त्याला असेल, तर आनंदच आहे. अनेकांनी तो केला आहे आणि त्यांचे भले झाले आहे. परंतु ओढ बापाची आणि प्रवास मुलाचा, अशी वाटणी न्यायाची नव्हे. शाखेच्या बाबतीतही हेच. विज्ञान शाखा ‘वरची’ आणि कला शाखा ‘उरलेल्यांची’, ही उतरंड कोणत्याही धर्मग्रंथात सांगितलेली नाही.

संत इग्नेशियस लोयोला यांनी निवडीच्या प्रसंगासाठी एक साधी युक्ती सुचविली आहे. ज्याला आपण कधी पाहिले नाही, ओळखत नाही, परंतु ज्याचे सर्वतोपरी भले व्हावे असे आपल्याला वाटते, अशा एखाद्या माणसाची कल्पना करावी; त्याला आपण काय सल्ला दिला असता हे पाहावे; आणि तोच नियम स्वतःला लावावा. पालकांनी अर्ज भरण्यापूर्वी हा प्रयोग अवश्य करावा. एखादी अनोळखी मुलगी, इतके गुण, अशी आवड, अशी प्रकृती, घरची अशी परिस्थिती. तिच्यासाठी आपण कोणती दहा नावे लिहिली असती? त्या यादीत आणि आपल्या मुलीच्या यादीत जो फरक पडेल, तो बहुधा आपल्या प्रतिष्ठेचा किंवा आपल्या भीतीचा असेल.

आपल्या समाजापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो, आणि त्याविषयी आपण फारसे बोलत नाही. ख्रिस्ती अल्पसंख्याक संस्थांच्या महाविद्यालयांत आपल्या मुलांसाठी काही जागा राखीव असतात. राज्यघटनेच्या तिसाव्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा अधिकार दिला आहे, आणि या जागा घेण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. तथापि हक्क असणे आणि तो वापरण्याची गरज असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्या मुलाला आपल्या गुणांवर सर्वसाधारण यादीतूनच त्या महाविद्यालयात जागा मिळण्याचा पुरेपूर संभव आहे, त्याने राखीव जागा घेतली, तर ती जाते कोणाची? आपल्याच धर्मग्रामातील अशा एखाद्या मुलाची, ज्याच्या घरी अभ्यासाला स्वतंत्र खोली नव्हती, शिकवणीला पैसे नव्हते, आणि ज्याला ते दार केवळ याच वाटेने उघडणार होते. त्याचप्रमाणे ‘आता एक जागा धरून ठेवू, पुढे चांगले मिळाले तर रद्द करू’ हा विचारही तपासून पाहावा. आपण धरून ठेवलेली जागा दुसऱ्या कोणाच्या तरी घरी झोप उडवीत असते. कायदा याबाबत काही म्हणत नसेल. सदसद्विवेकाने म्हटले पाहिजे.

आता यादीतील शेवटच्या नावाविषयी. आमच्या मते यादीचा खरा कस पहिल्या नावात लागत नाही, तो शेवटच्या नावात लागतो. ‘काहीच नाही मिळाले तर हे आहेच’ अशा शब्दांत ज्या महाविद्यालयाची मुलाशी ओळख करून दिली, तेथे त्याला जावे लागले तर तो कोणत्या मनाने जाईल? त्याच वर्गात अशी मुले असतील ज्यांनी ते नाव पहिल्या क्रमांकावर लिहिले होते. आपल्या तोंडून निघालेल्या एका वाक्याने आपण त्यांचाही अपमान करीत असतो, तेथे निष्ठेने शिकविणाऱ्यांचाही, आणि ज्यांनी कधीकाळी तुटपुंज्या साधनांनी ती संस्था उभी केली त्यांचाही. म्हणून जेथे मुलाला खरोखर आनंदाने पाठविता येणार नाही, ते नाव लिहूच नये. आणि जे लिहिले, त्याची आधी एकदा भेट घ्यावी. तेथील ग्रंथालय पाहावे, प्रयोगशाळा पाहावी, एखाद्या प्राध्यापकाशी बोलावे. खात्रीचे महाविद्यालय याचा अर्थ केवळ प्रवेशाची खात्री, एवढाच नसावा. तेथे आपले मूल काही शिकेल याचीही खात्री असावी.

कोणी म्हणेल, इतका खल कशाला? देवावर भरवसा ठेवावा आणि एकच नाव लिहावे. भरवसा अवश्य ठेवावा. परंतु दिलेली साधने न वापरता इच्छित फळाची अपेक्षा करणे याला आपले पूर्वज देवाची परीक्षा पाहणे म्हणत आले आहेत. शेतकरी पावसासाठी प्रार्थना करतो, आणि बांधही घालतो.

यादी भरून झाल्यावर निकाल आपल्या हाती राहत नाही. तो इतरांच्या गुणांवर, जागांच्या संख्येवर आणि त्या वर्षीच्या ओघावर ठरतो. आपल्या हाती होते ते एवढेच, की दहा रकान्यांत एकही खोटी इच्छा आणि एकही तिरस्काराचे नाव राहू नये. ज्या घराने एवढे सांभाळले, त्या घरातील मुलाला चौथ्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तरी तो हरला असे आम्ही मानणार नाही. कारण ते नावही त्याने स्वतःच्या हाताने, विचार करून लिहिलेले असेल.