शपथ कुठल्या वेळी घ्यावी?

॥ श्री सद्गुरुचरणी नमस्कार ॥



गेल्या महिन्यात एका गुरुवारी आरती झाल्यावर एक ताई मागे थांबल्या. (त्यांना विचारूनच लिहितो आहोत, नाव-गाव देत नाही.) मुलगा तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून घरी आला. तिथे अगदी शहाण्यासारखा होता. घरी आल्यावर आठ दिवसांत परसातल्या त्याच जुन्या कट्ट्यावर परत बाटली. रात्री आईच्या पायांवर डोकं ठेवून रडतो, "आई, तुझी शपथ, उद्यापासून नाही." सकाळी विचारलं की म्हणतो, "मी असं म्हणालो?" ताईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "एवढा खोटारडा कसा झाला हो हा?"

त्या दिवशी आम्ही नुसतं ऐकून घेतलं. काय बोलणार? पण आमच्यापैकी दोघी कॉलेजात मानसशास्त्र शिकलेल्या. थोडं परत वाचलं आणि एक प्रयोग हाती लागला, तो सगळ्यांसमोर ठेवतो.

सत्संगाच्या पत्रात उंदीर कुठून आले म्हणाल. पण भागवतातल्या अवधूताने चोवीस गुरू केले, त्यात पतंग होता, मासा होता, हत्तीही होता. मग उंदराने काय घोडं मारलंय!

डोनाल्ड ओव्हर्टन नावाच्या संशोधकाने 1964 साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना पेंटोबार्बिटल हे गुंगीचं औषध टोचलं आणि इंग्रजी 'टी' अक्षरासारख्या वाटेवर सोडलं. जमिनीतून विजेचा झटका बसायचा, सुटका एकाच बाजूला. (वाचताना आमचा जीव कळवळला, खरं सांगतो.) गुंगीतच उंदीर ती बाजू शिकले. मग औषध न देता सोडलं, तर काही शिकलेच नव्हते असे चाचपडू लागले. पुन्हा औषध दिलं, वाट पुन्हा आठवली! आणि उलटंही तसंच. शुद्धीत शिकलेलं गुंगीत सापडेना. औषध भरपूर असलं की हे ठळक दिसतं, थोडं असेल तर फिकं.

चार्ली चॅप्लिनचा 'सिटी लाइट्स' पाहिलाय ना? त्यातला श्रीमंत माणूस प्यायला की चार्लीला मिठी मारतो आणि शुद्धीवर आला की ओळखतही नाही. आपण पोट धरून हसलो होतो. घरात तोच प्रसंग असला की हसू येत नाही.

म्हणजे ताई, तो खोटं बोलतो असंच नाही. बेताल पिण्यात आठवण मुळात नोंदलीही जात नाही, तोही भाग आहे. पण रात्रीची शपथ सकाळच्या माणसाकडे पोचत नाही आणि सकाळची शपथ दोन पेल्यांनंतर त्याच्या हाताशी उरत नाही. म्हणून प्यायलेल्या माणसाकडून वचन घेऊ नका, त्याच्याशी भांडूही नका. जेवू घाला, झोपू द्या. बोलायचं ते सकाळी, अंघोळ झाल्यावर. आणि "एकच घेतो" याला हो म्हणू नका, कारण थांबायचं ज्याने ठरवलं होतं तो त्या एकानंतर घरी नसतो.

आता तो कट्टा. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात शेपर्ड सीगल आणि सहकाऱ्यांनी 1982 साली दाखवलं, की हेरॉइनची सवय झालेल्या उंदरांना तोच मोठा डोस नेहमीच्या खोलीत दिला तर शंभरात 32 मेले, वेगळ्या खोलीत दिला तर 64. सीगल यांचं म्हणणं असं, की जागा दिसताच शरीर आधीच तयारीला लागतं. मग जागा दिसली पण नशा आली नाही, तर ती तयारी तशीच अंगात तडफडते. कट्ट्यापाशी त्याच्या हाताला कंप सुटतो तो नाटक म्हणून नव्हे.

ज्यांच्या घरी गर्दचं व्यसन आहे त्यांनी एवढं जरूर ध्यानात ठेवावं: केंद्रातून आल्यावर सवय उतरलेली असते. जुन्या मापाने घेतलं तर जीव जाऊ शकतो.

आपलंही थोडं असंच नाही का? मंदिरात समईसमोर मन कसं शांत होतं, आणि घरी सासूबाईंनी एक शब्द बोलला की सगळा जप कुठे जातो! महाराज म्हणूनच सांगतात, की नाम स्वयंपाकघरात घ्या, रांगेत घ्या, राग येतो तिथेच घ्या. आम्ही इतकी वर्षं ते नुसतं ऐकत होतो.

ताईंना आम्ही सुचवलं, की केंद्रातल्या समुपदेशकांना विचारून त्या कट्ट्यावरच नामाला बसा, त्याच्या पिण्याच्या वेळेला, संध्याकाळी सातला, तुम्ही शेजारी. समुपदेशक म्हणाले, चालेल, पण एकट्याला बसवू नका आणि औषधं बंद करू नका.

काल ताईंचा निरोप आला. अकरा दिवस झाले, कट्ट्यावर चटई पडते आहे. चौथ्या दिवशी तो मधेच उठून फाटकाबाहेर गेला. त्या एकट्याच बसून राहिल्या, माळ पूर्ण केली. रात्री तो पिऊनच आला. त्यांनी वाढलं, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सातला चटई त्यानेच टाकली.

जय गुरुदेव 🙏