शेरा : समाधानकारक

बँकेत २२ वर्षं काढल्यावर माणसाचा एका गोष्टीवर ठाम विश्वास बसतो : जगात जे जे घडतं ते कुठल्या ना कुठल्या रकान्यात बसतंच. नाही बसलं, तर त्यासाठी 'इतर' नावाचा रकाना असतो. (आमच्या सौ.च्या मते माझा स्वभाव त्यातच मोडतो.) परवा एका पुस्तकात पोस्टकार्डाएवढं चित्र पाहिलं आणि हा विश्वास डळमळला.

चित्र अमेरिकेतलं, चार्ली रसेल याने काढलेलं. सोळाव्या वर्षी, १८८० साली, हा गडी सेंट लुइसचं घर सोडून मोन्टानात काउबॉय व्हायला गेला. काउबॉय म्हटलं की आपल्याला सिनेमातला पिस्तुलवाला आठवतो. पण मुळात तो गुराखीच. रसेल तर रात्रपाळीचा!

त्या काळी तिथे गुरांच्या धंद्यात पैसा नुसता ओतला जात होता. गुरं उघड्या माळावर सोडायची आणि किती आहेत ते वहीत बघायचं. कळपच्या कळप वहीतल्या आकड्यावर विकले जात. वहीतली गाय चारा मागत नाही आणि मरतही नाही, ही तिची मोठी सोय! पण १८८६ चा उन्हाळा कोरडा गेला. माळ आधीच चरून बोडका झालेला, साठवलेला चारा नाही, आणि वरून हिवाळा असा आला की उरल्यासुरल्या गवतावर बर्फाचं कवच चढलं. गुरं हजारोंनी मेली.

अशात हेलेना शहरातून मालकाचं, लुई कॉफमनचं, पत्र आलं : आपला कळप कसा आहे? कळप ५,००० चा. मुकादम जेसी फेल्प्स उत्तर लिहायला बसला. शेजारी रसेलने पुठ्ठ्याच्या तुकड्यावर जलरंगात एक गाय काढली. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी, बर्फात एकटी उभी; पलीकडे लांडगे, अजिबात घाई नसलेले. सांगतात की फेल्प्सने ते पाहिलं, पत्र सोडून दिलं आणि चित्रच धाडलं.

'वेटिंग फॉर अ चिनूक' हे त्याचं नाव. चिनूक म्हणजे बर्फ वितळवणारा तिथला उबदार वारा. हेलेनात चित्राचा बोलबाला झाला, रसेलचं नाव झालं. पुढे ते वॉलिस ह्यूडेकोपर नावाच्या रँचवाल्या संग्राहकाकडे गेलं आणि त्याने ते मोन्टानाच्या पशुपालक संघटनेला देऊन टाकलं.

आता प्रश्न असा, की खरं सांगायचं ते आकड्यात की चित्रात? मी बी.कॉम. असल्यामुळे माझं मत आकड्याला. एका गाईवरून ५,००० चा हिशेब कसा लागणार? मेली किती, उरली किती? आमच्या ऑडिटरपुढे हे चित्र ठेवलं तर तो म्हणेल, "छान आहे. व्हाउचर कुठाय?"

पण पत्रात एक गंमत असते. 'यंदा हवामान प्रतिकूल असल्याकारणाने' असं फेल्प्सला लिहिता आलं असतं, आणि मालकालाही ते वाचून फाईलला लावता आलं असतं. चित्राने दोघांचीही सोय काढून घेतली.

हे मला इतकं कळायला कारण आहे. २०१३ च्या दुष्काळात साहेब रजेवर होते म्हणून माण तालुक्यात एका चारा छावणीवर कर्जातली गाय तपासायला मला पाठवलं होतं. गाय होती, उभी होती. मी लिहिलं : 'जनावर हयात. उभे आहे. तारण समाधानकारक.' सही घ्यायला गेलो तर म्हातारा म्हणाला, "साहेब, हुबी हाय, कारण बसली तर उठायची न्हाय."

मी म्हटलं, "बरं आबा," आणि अंगठ्यापुढे शाईचं पॅड धरलं. शेऱ्यात काही बदल केला नाही. तारण समाधानकारक म्हटल्यावर हप्त्याला मुदतवाढ कशाला? ती मिळाली नाही. त्या गाईचं पुढे काय झालं ते विचारायचा फॉर्म आमच्याकडे नव्हता.

परवा पुस्तक मिटून मी ती गाय पेन्सिलीने काढायला बसलो. मुलीने डोकावून विचारलं, "बाबा, हा कुत्रा कुणाचा?"

म्हणजे मला चित्र काही येत नाही. तसा दिलासा मी स्वतःला देऊनही पाहिला. पण म्हाताऱ्याचं ते एक वाक्य लिहायला चित्रकला कुठे लागत होती? रकान्यात जागा होती.